जगदेवीअक्कांची भाकरी बंद

पाण्याचा दिवस होता. त्या उन्हाळ्यात लातूरला नळ सहाव्या दिवशी यायचा, तोही जेमतेम तासभर. त्या तासात घरातलं प्रत्येक भांडं, अगदी दुधाचं पातेलंसुद्धा, नळापाशी रांगेत बसायचं. मी घागरी लावत होते, हे आरशापुढं उभे राहून भांग पाडत होते, आणि स्टोव्हवरचा चहा उतू जायच्या बेतात होता. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. हळू थाप, दार नाही उघडलं तरी चालेल अशी.

उघडलं तर जगदेवीअक्का. घरमालक रेवणप्पांची बायको. मागच्या बाजूला त्यांचं घर आणि रस्त्याकडच्या पत्र्याच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या. लातूर जिल्हा झाला आणि यांची नांदेडहून नव्या कचेरीत बदली झाली, तेव्हापासून आठ महिने आम्ही तिथं होतो. पण आठ महिन्यांत अक्का पुढच्या दारानं कधी आल्या नव्हत्या. काही हवं-नको असलं तर मागच्या अंगणातून हाक यायची, "वैनी, हाव का घरात?" आणि मी बाहेर येईपर्यंत त्या परत चुलीपाशी गेलेल्या असायच्या.

"या ना आत, अक्का."

"नको, हितंच बरं हाय. मी आत आले की तुमाला बाहीर जावं लागंल." असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

अक्का अंगानं जाड होत्या. ते सांगायला काही हरकत नाही, कारण त्या स्वतः दिवसातून दहा वेळा ते सांगायच्या. बसताना म्हणायच्या, "जमिनीला सांगा, मी आले." उठताना, "क्रेन बोलवा." दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ही त्यांची रीत. मला सुरुवातीला वाटलं, किती मोकळी बाई! मग एकदा लक्षात आलं की हसताना त्या समोरच्याचं तोंड बघतात. हसला का, एवढंच बघतात. हसला की सुटल्या.

पदराखालून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. "इंग्रजी वाचता न्हवं तुमी? काल दवाखान्यात गेल्ते. डाक्टरनं लघवी तपासली. निळं औषध घालून तापवली, तर विटंवाणी लाल झाली बगा. म्हणले, साखर हाय. सहा आठवडे ह्या कागदापरमाणं खा, न्हाई उतरली तर सुई."

डॉक्टर म्हातारे होते, अक्षर त्याहून म्हातारं. पण लागलं. चहा उतू गेला तो गेलाच. मी कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, पाठीमागं मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'बंद': ज्वारी, गहू, तांदूळ, साबुदाणा, साखर, गूळ, बटाटा, रताळं, केळी. उजवीकडं लिहिलं 'खायचं': पालेभाजी पोटभर, वांगी, दोडका, शेवगा, ताक, दही, मोडाची मटकी एक वाटी, मूठभर शेंगदाणे, जवसाची आणि कारळाची चटणी. कागदावर अंडीही होती. मी वाचल्याबरोबर अक्कांनी कानाला हात लावले. "ते लिवू नका. अव्वा घर सोडून जातील." अव्वा म्हणजे सिद्धम्मा, त्यांच्या सासूबाई. लिंगायतांचं घर, अंडं उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं.

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पान हातात धरून एकेक अक्षर बोटानं वाचलं. डावीकडच्या पहिल्याच शब्दावर बोट थांबलं.

"ज्वारी बंद? म्हंजी भाकरी?"

"भाकरी."

"कडक भाकरी बी?"

"ती पण ज्वारीचीच की, अक्का."

त्यांनी बोट पानावरून उचललं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढं पान भरून लिवलं तुमी. सकाळच्या कामाच्या घाईत." आणि ते पान छातीशी धरून मागच्या बाजूनं गेल्या. आभार मानायला आल्यासारख्या, आजार सांगायला आल्यासारख्या नव्हे.

अक्कांना भाकरी बंद, ही गोष्ट केवढी मोठी होती ते कळायला त्यांचं चुलीपुढचं रूप बघायला हवं. जिल्हा झाल्यापासून लातुरात बाहेरगावचे कारकून आले होते. कुणी नांदेडचा, कुणी बीडचा, कुणी उमरीचा. बायकापोरं गावाकडं, इथं खोलीत तिघं-तिघं. त्यांच्या जेवणाची पंचाईत. रेवणप्पांचं औशाच्या रस्त्याला बैलांचे कासरे, घुंगरमाळा, झुली विकायचं दुकान होतं. पाऊस अर्ध्यावरच निघून गेलेला, लोक जनावरं विकत होते, घुंगरमाळा कोण घेणार? तेव्हा सिद्धम्मांनीच सुचवलं की चौघा पोरांना जेवू घालू. चाराचे बारा झाले. दोन्ही वेळा बारा माणसं, शिवाय घरचे पाच. अक्का रोज ऐंशी भाकरी करायच्या.

मी मोजल्या होत्या. मला खोटं वाटलं म्हणूनच मोजल्या.

पीठ मळताना त्या पाण्याचा एक थेंब वाया घालवायच्या नाहीत. त्या दिवसांत तर नाहीच. गोळा काथवटीत ठेवला की दोन्ही हातांचे तळवे असे चालायचे की थापण्याचा आवाज वेगळा ऐकूच यायचा नाही, सलग एक नाद यायचा. भाकरी फिरायची, पसरायची, पातळ व्हायची. आणि कडक भाकरी करायची असेल तर एवढी पातळ की तव्यावर टाकायला उचलली तर पलीकडचा उजेड दिसावा. तरी फाटायची नाही. त्या भाकऱ्या अक्का विस्तवाच्या आडोशाला कडेनं उभ्या करायच्या; मग त्या हळूहळू पापडासारख्या वाळायच्या, आणि महिनाभर टिकायच्या. कारकून सुट्टीला गावी जाताना पिशवीत घालून न्यायचे. अक्का देवणीकडच्या. माहेरी गुरं राखणाऱ्या बापानं त्यांना विचारलं होतं म्हणे, "पोरी, तुला काय येतंय?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काय न्हाई. भाकरी येती." मला त्या हे पुन्हा पुन्हा सांगायच्या. 'काय न्हाई'वर जोर देऊन.

तर ती बाई दुसऱ्या दिवसापासून ऐंशी भाकरी करू लागली आणि एकही तोंडात घालेना.

माझी मागची खिडकी त्यांच्या चुलीवर उघडायची. मी मुद्दाम बघायची नाही, पण भांडी घासायला तिथंच बसायचं, मग दिसायचंच. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, पुढं जाळ. भाजलेल्या ज्वारीचा वास माझ्या घरात यायचा आणि पोट भरलेलं असतानाही मला भूक लागायची. अक्कांच्या नाकासमोर तो वास तीन-तीन तास. पहिली भाकरी चुलीतून काढली की कडेचा एक पोपडा तोडून तोंडात टाकायची प्रत्येक बाईला सवय असते. अक्कांचा हात तेवढा तुकडा मोडायचा, तोंडापर्यंत जायचा, थांबायचा, आणि तुकडा चिमणीला टाकून परत काथवटीत यायचा. दिवसाकाठी किती वेळा तरी. आमच्या अंगणातल्या चिमण्या त्या उन्हाळ्यात गलेलठ्ठ झाल्या. मी संकष्टी धरते, पण चार वाजले की घड्याळ बघते. या बाईला बघून मला स्वतःची लाज वाटायची आणि तिचं आश्चर्य वाटायचं. एवढा निग्रह हिच्यात होता कुठं? आणि असलेला हिलाच ठाऊक कसा नव्हता?

पंगतीला मात्र सुगावा लागला. उमरीचा मन्मथ म्हणून एक कारकून होता, वाईट नव्हता पण जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, आजकाल भाकऱ्या उरून राहिल्यात. तुमी खायच्या सोडल्या म्हणं?"

सगळे हसले. अक्का सगळ्यांच्या आधी हसल्या. "हाव. म्हणलं, तुमाला बी कधी पोटभर मिळू द्या."

"वजन केलं का?"

"काटा कुठला आणू बाबा, आडतीवर जावं लागंल." पुन्हा हशा.

सिद्धम्मा वाढत होत्या. पंगतीत भाजी वाढणं हे त्यांचं काम, कुणाला किती ते त्यांच्या पळीला ठाऊक. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना सुनेचं हे पथ्य आवडलेलं नाही. सासू ती सासूच, असंही मनात आलं. ते चुकीचं होतं, पण ते पुढं कळलं.

आठ दिवसांत अक्कांच्या बांगड्या सैल झाल्या. मी म्हटलं, "अक्का, फरक दिसतोय हं!" त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पानाचा गुण." मी खुश. त्यांनी ते पान पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून भाताच्या शितानं चिकटवलं होतं, म्हणजे डबा उघडला की 'बंद' डोळ्यासमोर.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तो सलग नाद मधेच थांबला. मी भांडं टाकून खिडकीतून बघितलं. अक्का चुलीपुढं एका बाजूला कलंडल्या होत्या, हात काथवटीतच, तव्यावरची भाकरी काळी पडत चाललेली.

मी धावले. सिद्धम्मा देव्हाऱ्यापासून धावल्या. दोघींनी मिळून त्यांना जाळापासून ओढलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, ताकात मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजलं. दहा मिनिटांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर, "भाकरी जळली का?"

"जळू दे मेली!" सिद्धम्मा ओरडल्या. "काय खाल्लीस सकाळपासून?"

"चटणी खाल्ले की. ताक पिले."

"काल?"

"चटणी. ताक."

मी विचारलं, "आणि भाजी? मटकी? अक्का, एकोणीस दिवस तुम्ही काय खाताय नक्की?"

"कागदापरमाणंच खायलेय, वैनी. एक बी चुकलं न्हाई. ज्वारी न्हाई, गहू न्हाई, तांदूळ न्हाई..." त्या पाठ म्हणू लागल्या. डाव्या बाजूचे नऊच्या नऊ शब्द, ओळीनं, न अडखळता.

"आणि उजवीकडचं?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. खरंच न कळल्यासारख्या. मग हळूच म्हणाल्या, "ते घरच्यांचं असतंय की. भाजी उरती कुठं?"

मी तिथंच मातीत बसले. बाकीचं मला एकदम दिसलं, आणि ते आठ महिने माझ्या खिडकीसमोरच होतं. बारा माणसं जेवायची, मग रेवणप्पा आणि मुलं, मग सिद्धम्मा, मग अक्का. तोवर भाजीच्या पातेल्यात रस्सा पुसायला तेवढा उरायचा. भाजी महाग, त्यात दुष्काळ. बाजारात पालेभाजी दिसली तर लोक माळ्याला विचारायचे, कुठल्या गावाला अजून पाणी आहे म्हणून. भाकरी मात्र उरायची. अक्का वर्षानुवर्षं उरलेली भाकरी खायच्या, तीन-तीन, चार-चार, चटणीशी, पातेलं पुसून. जग त्यांना म्हणायचं खादाड. डॉक्टरनं भाकरी बंद केली तेव्हा ताटातलं होतं नव्हतं ते सगळं बंद झालं. आणि कागदावरचं 'बंद' तेवढं त्यांनी आपल्यासाठी मानलं. 'खायचं' हा शब्द आपल्यासाठी लिहिला असेल अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही. मी दोन्ही बाजू सारख्याच अक्षरात लिहिल्या होत्या. त्यांनी अर्धंच पान घेतलं.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "मी उपाशी राहायला सांगितलं नव्हतं, बाई. भूक मारायची नाही, भाजी खायची. असंच चाललं तर साखरेच्या आधी तूच खाली जाशील." रेवणप्पा अबोल माणूस, दाराशी उभे राहून ऐकत होते. गेले आणि कुठून तरी मेथीची जुडी घेऊन आले. बायकोच्या उशाशी ठेवली, फुलांसारखी. ती जुडी अक्कांनी संध्याकाळी पंगतीला करून वाढली.

मग मी माझ्या परीनं सुरू केलं. आमच्या मागं शेवग्याचं झाड होतं. दुष्काळातही ते हिरवं. त्याच्या पाल्याची डाळ न घालता भाजी करून वाटीत घेऊन गेले. "आत्ता, माझ्यासमोर खा." त्यांनी दोन घास खाल्ले. तेवढ्यात धाकटा मुलगा शाळेतून आला. वाटी त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी मटकी नेली. त्या दिवशी एक कारकून आजारी होता, मटकी त्याच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी मी रागावले. अक्का हात जोडून म्हणाल्या, "वैनी, माझ्या घशाखाली उतरत न्हाई हो. घरात माणसं असताना माझ्यापुरतं येगळं खायचं म्हंजी चोरी केल्यावाणी वाटतंय. एवढ्या अंगाची बाई आन् वर भाजी पाहिजे म्हणती, लोक काय म्हणतील?"

भूक लागलेली असताना ऐंशी भाकऱ्यांवर मात करणारी बाई. आणि एक वाटी भाजी तिला झेपत नव्हती. मला पहिल्यांदा कळलं की न खाणं हे तिला कधीच अवघड नव्हतं. त्याची तिला जन्मभराची तालीम होती.

चौथ्या दिवशी मी काहीच नेलं नाही. मुकाट्यानं खिडकीशी भांडी घासत बसले. दुपारची पंगत बसायला अजून तासभर होता. अक्का आंघोळ करून पूजेला बसल्या. लिंगायतांमध्ये बाई असो की पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, अन्न त्याला अर्पण करायचं आणि मगच आपण जेवायचं. अक्कांची पूजा मी अनेकदा बघितली होती. पण त्या दिवशी बघताना मी घासता घासता थांबले. पिठानं कोरडे पडलेले, चटके बसलेले ते हात. त्यातला एक उताणा, स्थिर, आणि त्यावर एवढंसं काळं लिंग. बाई मान खाली घालून त्याच्याकडं एकटक बघत होती. त्या वेळी त्यांच्या तोंडावर लाज नव्हती. हसू नव्हतं. कुणी बघतंय का, ही फिकीर नव्हती. पुढ्यात ताट होतं. ताटात चिमूटभर चटणी.

सिद्धम्मा मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. पूजेत बोलायचं नसतं. त्यांनी पूजा संपेपर्यंत वाट बघितली, मग म्हणाल्या, "जगदेवी, लिंगाला काय दाखवलीस गं?"

"चटणी, अव्वा."

"आन् काल?"

अक्कांनी ताट थोडं मागं सारलं.

"आपल्या घरात जंगमस्वामी जेवायला आला तर त्येच्या ताटात चिमूटभर चटणी वाढशील का?"

"शिव शिव! कसं वाढीन?"

"मग अंगावरच्या देवाला वीस दिवस काय खाऊ घातलीस? त्यो तुझ्याच तोंडानं जेवतोय न्हवं? का त्येला बी म्हणलीस, थांब बाबा, आधी मन्मथचं होऊ दे?"

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी लिंग पुन्हा मुठीत धरलं, जसं पडणाऱ्याला धरावं.

सिद्धम्मा खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. आवाज उतरला. "मी तुला लई जाच केला न्हाई. पण वाढताना तुझा वाटा कधी धरला न्हाई. माझ्या सासूनं बी माझा धरला न्हवता. मला वाटलं, असंच असतंय." एवढंच बोलून त्या उठल्या आणि पातेलं उतरवायला गेल्या. मी खिडकीमागं, हातात राखेची मूठ तशीच. म्हातारीचा मी काय समज करून घेतला होता, तो आठवून मान वर होईना.

पंगत बसली. त्या दिवशी वांग्याची भाजी होती, आणि कुणीतरी शेतातून आणून दिलेली घोळीची पालेभाजी. बारा ताटं, बारा पाणी पिण्याचे तांबे, तेही अर्धेच भरलेले. मी ताक वाढायच्या निमित्तानं तिथं गेले. खरं म्हणजे घरात बसवेना. सिद्धम्मांनी पळी हातात घेतली. रेवणप्पा आज पंगतीतच बसले होते. मन्मथनं भाकरी मोडली आणि नेहमीसारखं म्हणाला, "अव्वा, घोळीची जरा हात सैल सोडून वाढा. वास लई भारी येऊन राहिला."

अक्का चुलीपुढून उठल्या. 'क्रेन बोलवा' म्हणाल्या नाहीत. पंगतीच्या मधून चालत आल्या, नेहमी भिंतीला घासून जायच्या तशा नव्हे, मधून. सगळ्यांचे हात ताटात थांबले. पदर कपाळापर्यंत ओढलेला, तोंड जाळानं लाल. त्यांनी मन्मथकडं बघितलं, कोण हसतंय ते बघितलं नाही, आणि मग सासूकडं वळल्या.



"अव्वा," त्या म्हणाल्या, "ह्यांना वाढायच्या आधी दोन्ही भाज्यांची एकेक वाटी माझ्यासाठी काढून ठेवा. मला भाजी खायचीय."